तेरा बांगड्यांचा करार

पहिला बंद

"...आणि ही परवानगी आजपासून बारा वर्षांपुरती," नक्कलकारीण पद्मा भुसारीने वाचलं.

तालुक्याच्या कोर्टात नक्कलखान्याच्या व्हरांड्यात वडनेरच्या अकरा बाया बसल्या होत्या. सकाळच्या बैलबंडीने आल्या होत्या, अजून पाणीही प्यायल्या नव्हत्या. मग सगळ्यांत पुढे बसलेली धुरपता उठली. साठीची बाई, अंगाने काटक, आवाज मात्र बाजारभर पुरेल असा.

"पुन्हा वाचा."

पद्माने पुन्हा वाचलं. बारा वर्षं बाराच राहिली.

"हे आमचं नाई."

"मावशी, कागद तुमच्याच घरून आलाय."

"कागद आमचा हाय, बोलनं आमचं नाई. माही आजी मले सांगे, आजीले तिची माय सांगे. वडनेरात जोवर बाजार भरंल तोवर आमच्या लेकीसुना चरकीच्या आवारात बसतीन. बारा वर्षं कुठून आले? मी एकटीच चाळीस वर्षांपासून बसून राह्यली तिथं!"

करार शके अठराशे एकचा, म्हणजे शहात्तर वर्षांपूर्वीचा. तेव्हा वडनेरच्या बाया हातचरकीवर कापसातून सरकी काढत. हिरालाल शेटच्या आजोबाने वाफेवर चालणारं जिन आणलं आणि चरक्या बंद पडल्या. बायांनी जिनाच्या दारात ठाण मांडलं. पाच दिवस कापसाची एक बंडी आत जाऊ दिली नाही. सहाव्या दिवशी शेटने कागद करून दिला: चरक्या फिरत होत्या ते आवार बायांचं, तिथे बसून त्यांनी काय हवं ते विकावं. आज धुरपता त्या आवारात मिरची विकत होती, तिची जाऊ जयवंता जवस, बाकीच्या भाजी, अंबाडी, गाडगी. आणि हिरालाल शेटला तिथे तेलाची गिरणी काढायची होती, म्हणून त्याने बायांना उठवायचा दावा लावला होता. बुधवारी तारीख होती, आज शनिवार.

कागद तीन बंदांचा होता. तीन ताव एकाखाली एक चिकटवून केलेली लांब गुंडाळी. पहिल्या बंदावर करार कोणाकोणात झाला ते, मधल्यावर अटी, तिसऱ्यावर निशाण्या. सगळं मोडीत. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतो आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जातो. काजळाची शाई सुरुवातीला दाट, मग फिकी, पुन्हा बुडवली की दाट. पद्माला ती शाई श्वासासारखी वाटे. माणूस कुठे थांबला, कुठे घाईत होता, सगळं दिसे.

पण या कागदाचं खरं देखणेपण तिसऱ्या बंदावर होतं. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढी, तशा या बायांनी बांगड्या काढल्या होत्या. तेरा बाया, तेरा बांगड्या, आणि एकीसारखी दुसरी नाही. एकीत ठिपके, एक दुहेरी, एक इतकी ऐसपैस की खालच्या ओळीवर सांडलेली. एकीची तोंडं मुद्दाम जुळवलेलीच नव्हती. ती कोणा विधवेची असावी. लेखकाने स्वतः गोल काढून वर नावं टाकली असती तर कोण विचारणार होतं? त्याने तसं केलं नव्हतं. बोरू त्यांच्या हातात दिला होता. नऊ वर्षांच्या नोकरीत पद्माने हजार कागद पाहिले असतील, असा एकही नाही.

धुरपताने गुंडाळी ओढून घेतली आणि पहिल्या सांध्याला सरळ जीभ लावली.

"अहो! कोर्टाचा कागद आहे तो!"

"कणीक हाय," धुरपता बाजूला थुंकली. "आमच्या घरी कागदाले चिंचोक्याची खळ लावते. कणकेले कीड लागते. शहात्तर वर्षं कणीक टिकन काय, सांगा मले? कोनं तरी मधला बंद बदलला, बाई."

दारातून नक्कलखान्याचे मुख्य अच्युतराव हे सगळं पाहत होते. बाया गेल्यावर ते पद्माच्या टेबलाशी आले.

"भुसारीबाई, तुमचं काम नक्कल. मोडीत जे आहे ते बाळबोधीत उतरवा, खाली सही करा, मोकळ्या व्हा. मुन्सफसाहेबांना मोडी येत नाही, ते तुमची सही पाहून निकाल देणार. कोणी कागद चाटून काय म्हणालं ते लिहायला जागा नाही त्यात."

"आणि बंद खोटा असला तर?"

"तुमची नेमणूक दर वर्षी नवी होते," अच्युतराव म्हणाले. "यंदाची या महिनाअखेर संपतेय. बाकी तुम्ही सुज्ञ आहात."

*समासात, पद्माच्या हातचं:* कागद म्हणतो ते लिहायचं. कबूल. पण कोणता कागद?

दुसरा बंद

(जागेवर नाही. करारातला गेला तसा गोष्टीतलाही गेला. सापडेल तेव्हा लावू.)

तिसरा बंद

बायांच्या वकिलांचं ऑफिस कोर्टाच्या मागेच होतं. वकीलसाहेब पक्षकारांना तारखेलाच दिसत. बाकीचे दिवस ऑफिस म्हणजे बंडोपंत. पन्नाशीचे कारकून, कपाळाला गंध, गळ्यात तुळशीची माळ. बायांकडून त्यांनी अर्जलिखाईचे पैसे घेतले नव्हते, हे वडनेरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बारा वर्षं?" त्यांनी हातातला टाक खाली ठेवला. "अरेरे. गरीब बायांचं नशीब पाहा."

"बंडोपंत, गुंडाळी माझ्याकडे यायच्या आधी कुठे कुठे होती?"

"लपवायचं काय त्यात? धुरपताबाईनं आणून देल्ली, आठ दिवस माह्या कपाटात होती. मंग वाचायले बोरगावच्या नरहर मास्तरकडे पाठवली, दोन दिवस. परत आली तशी समोरच्या पक्षानं पाहायले मागितली. शेटचे मुनीम वासुदेवराव आले, या बाकावर बसून घंटाभर पाहून गेले. मंग तुमच्याकडे."

"त्या तासभर तुम्ही इथेच होता?"

"चहा सांगायले गेलतो ना थोडा."

"तुम्ही स्वतः वाचली नाहीत?"

"मी?" बंडोपंत हसले. "ताई, मले मोडी म्हंजे काळ्या मुंग्या. सरळ धरली का उलटी, तेही समजत नाई."

पद्मा उठली. दारापर्यंत गेली तेव्हा मागून ते हळूच म्हणाले, "बंद बदलला म्हनता, तर बदलनाऱ्याले बोरू चालवता आला पाहिजे. आता या भागात तसा हात राह्यला कोनाचा? नरहर मास्तर. वासुदेवराव. आन..."

"आणि?"

"रागावू नका. आन तुमचा."

चौथा बंद

रविवारी पेढी बंद असते, पण वासुदेवराव मुनीम रविवारीही गादीवर बसलेले असत. मूळ कागद कोर्टाबाहेर नेता येत नव्हता, म्हणून पद्माने मधला बंद पातळ कागदावर गिरवून आणला होता. तिने तो पुढे केला. मुनीमजींनी तो डाव्या हाताने घेतला. उजवा हात मांडीवर होता, कोणीतरी तिथे ठेवून विसरल्यासारखा.

"दोन वर्षं झाले," तिची नजर पाहून ते म्हणाले. "वाऱ्यानं गेला. पानी प्यायचा लोटा उचलत नाई. तुम्ही चोर शोधून राह्यल्या ना? हा घ्या, विचारा त्याले."

"मी तसं म्हटलं नाही."

"डोळ्यानं म्हटलं." ते गिरवलेलं वाचू लागले आणि त्यांचा चेहरा पालटला. भुकेल्या माणसाला वास यावा तसा. "हे वळन पेढीचं हाय. हा 'क' पाहा, पोट कसं आवळून धरलं! जागा वाचवायले शिकवत होतो आम्ही. पहिल्या बंदाचा लेखक गावातला होता, हात सैल सोडे. हा त्याची नक्कल करते, पन पोट आवळल्याबिगर याले राहवत नाई."

"असं पेढीचं वळण कोण कोण शिकलं?"

"लढाईच्या आधी उमेदवारांची, शिकाऊ पोट्ट्यांची, रांग लागे इथं. पोट्ट्यांले रडवून सोडलं मी. पाठीचा कना ताठ, बोरू तिरपा. आन कोराबंद कागद समोर आला, मंग तो वहीचा असो का पुडीचा, आधी 'श्री'. विसरला का हातावर छडी! मेल्यावर कफनावर बी लिहितीन ते पोट्टे." ते मनापासून हसले. "कोन कुठं गेला, देव जाने. कोनी मास्तर झाला, कोनी कारकून, कोनी वैरागी."

"शेटजींसाठी तुम्ही खोटं केलं असतं, मुनीमजी? हात असता तर?"

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"हिशेब वाकवले असते. कागद नाई. दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदात हात घालनं म्हंजे परक्याच्या ताटात जेवनं."

तेवढ्यात आतल्या दारात हिरालाल शेट उभे राहिले. पांढरं धोतर, दातात लवंग.

"बाईजी, तुमको नक्कल करनी है, पंचायत नहीं. नवऱ्याने टाकलेली बाई आहात, सरकारी नोकरी आहे, सांभाळा."

"नवऱ्याने मला टाकलं नाही, शेटजी," पद्मा म्हणाली. "मी त्याला टाकलं. सोडून द्यायची सवय आहे मला."

पाचवा बंद

बोरगाव मेघ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. नरहर मास्तर ओट्यावर छापखान्याचे तक्ते, आपल्या पुस्तकाची कच्ची छापील पानं, तपासत बसले होते. अकरा वर्षांची पद्मा मुलांच्या मोडीवर्गात दाराआड बसून ऐकायची, तेव्हा त्यांनी एक दिवस दार उघडून तिला पुढच्या रांगेत बसवलं होतं. तिच्या पाटीवर पहिला शब्द त्यांनीच लिहायला लावला: तारीख. देवाचं नाव घरी लिहा, इथे आजचा दिवस लिहा, म्हणायचे. त्यावरून गावाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं, तरी पाटी बदलली नाही.

"सर, वडनेरचा करार तुम्ही वाचलात?"

"वाचला."

"त्यात किती मुदत होती?"

"बारा वर्षं." त्यांनी चष्मा काढला. "बंडोपंतांना तसं लिहूनही पाठवलं."

म्हणजे गुंडाळी बोरगावला आली तेव्हाच बंद बदललेला होता. किंवा इथेच बदलला. वासुदेवराव दोन्हीकडून सुटत होते. त्यांनी कागद नंतर पाहिला, आणि हात तर नव्हताच. पद्माची नजर तक्त्यांवर गेली. पहिल्या पानावर ग्रंथाचं नाव होतं, गावोगावच्या जुन्या कागदांचा संग्रह. खाली बारीक अक्षरांत: शेट हिरालाल यांच्या उदार आश्रयाने.

तिने ते पान त्यांच्यासमोर धरलं.

"घेतले," मास्तर म्हणाले. "त्याचेच पैसे घेतले. चारशे कागद आहेत यात. सुइणी, कुंभार, तेली, रंगारी. त्यांनी काय कबूल केलं, काय मागितलं, कोणाशी भांडले. कोण छापणार होतं हे? तू?"

"बंद तुम्ही बदललात?"

"नाही."

"मग तुम्हाला दिसलं नाही? पहिला बंद घाईत लिहिलाय, मधला निवांत!"

"दिसलं."

एक तक्ता वाऱ्याने उडाला, दोघांनीही उचलला नाही.

"दिसलं आणि मी गप्प बसलो, पद्मा. चोरी मी केली नाही. चोर पाहून ओरडलोही नाही. शेवटचे तीन तक्ते छापायचे राहिले होते."

"बुधवारी कोर्टात या आणि हेच सांगा."

"मग पुस्तक छापायचं राहील."

"राहू दे!" ती ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली. "त्या चारशे कागदांतल्या एका तरी माणसाला विचारा, त्याला छापून यायचंय की जिंकायचंय!"

*समासात:* सर, किंवा ज्याला मोडी येत नाही तो. सर असतील तर मला बुधवार नको.

सहावा बंद, अर्धा

सोमवारी सकाळी जयवंता नक्कलखान्यात आली. कमरेच्या चंचीतून तिने घडी काढून दिली.

"तुमाले चिठ्ठी हाय. वकिलाच्या कारकुनानं देल्ली."

चिठ्ठी अशी होती:

*॥ श्री ॥*
*पद्माताई यांस बंडोपंताचा नमस्कार विशेष. नक्कल मंगळवारपर्यंत तयार ठेवावी म्हणजे बरे. आपणांस त्रास होतो, क्षमा असावी.*

"चहाच्या हिशेबाच्या चिटोऱ्यावर बी श्री लिहिते तो मानूस," जयवंता हसली. "मी म्हटलं, देव कटाळला असंन तुले."

पद्मा हसली नाही. चिठ्ठी बाळबोधीत होती. पण बाळबोधी लिहिणारे सगळे शब्दाशब्दाला वेगळी रेघ देतात. इथे कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच सलग रेघ होती आणि खाली अक्षरं, दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांसारखी.

मग तिने करार उचलला आणि ती अंगणात गेली. कागद ओला करायचा नव्हता, खरवडायचा नव्हता. तिने फक्त पहिला आणि मधला बंद जिथे एकावर एक चिकटले होते तो सांधा दोन्ही हातांनी ताणून थेट सूर्यासमोर धरला. हातकागद जाड, त्यातून दुहेरी. आधी नुसता पिवळा उजेड दिसला.

मग उजेडात एक डाग दिसला. सांध्याच्या आत, वरून किंवा खालून कोणालाही दिसणार नाही अशा जागी, बोटभर पट्टीच्या बरोबर मध्यावर, काहीतरी काळं होतं.

खिडकीतून अच्युतराव ओरडले, "भुसारीबाई, नक्कल झाली का?"

"होतेय," पद्मा म्हणाली.

सातवा बंद

बुधवारी कोर्ट भरलं तेव्हा मागच्या भिंतीला वडनेरच्या बाया उभ्या होत्या. बसायला जागा होती, पण धुरपता म्हणाली होती, उभं राहून ऐकू. नरहर मास्तर शेवटच्या बाकावर येऊन बसले होते. पद्माने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा सरळ केली. हिरालाल शेट वकिलाशेजारी, बंडोपंत कागदांच्या गठ्ठ्यामागे.

मुन्सफसाहेबांनी नक्कल उलटीसुलटी केली. "पहिल्या बंदाची आहे, तिसऱ्याची आहे. मधल्याची?"

"केली नाही."

"का?"

"तो बंद या कागदाचा नाही, साहेब. जे या बायांचं बोलणं नाही, ते त्यांच्या नावावर घालून मी सही करणार नाही."

अच्युतरावांनी डोळे मिटून घेतले. शेटचे वकील उठलेच. ही नक्कलकारीण आहे की न्यायाधीश, वगैरे. पद्मा त्यांचं संपेपर्यंत थांबली.

"मला वाटीभर पाणी आणि कापसाचा बोळा हवा. पहिला सांधा साहेबांच्या समोर सोडवायचा आहे. आत काही नसेल तर मी जागच्या जागी राजीनामा देते."

पाणी आलं. सगळं कोर्ट एका ओल्या बोळ्याकडे पाहत होतं. कणीक भिजायला पाच-सहा मिनिटं लागली. पद्माने लाकडी पट्टीची धार आत सरकवली, आणि शहात्तर वर्षांचा म्हणवणारा सांधा कुरकुर न करता सुटला.

मधल्या बंदाच्या माथ्यावर, पट्टीच्या मध्यावर, स्वच्छ ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: श्री.

"लांब कागद लिहिणारा आधी ताव चिकटवतो, मग लिहायला बसतो," पद्मा म्हणाली. "सांध्याच्या आत त्याचं अक्षर सापडूच शकत नाही. हा बंद वेगळा लिहिला आणि मागाहून चिकटवला. आणि ज्याने लिहिला त्याला कोरा कागद दिसला की श्री लिहिल्याशिवाय हात पुढे चालत नाही. नरहर मास्तर ते कधीच लिहीत नाहीत, त्यांच्यावर गाव त्यासाठीच रागावलं. वासुदेवराव लिहितात, पण दोन वर्षांत त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. हात उचलत नाही. मी तारीख घालते, नऊ वर्षांच्या नकला इथेच आहेत." तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. "ही सोमवारी आली. वर श्री. खाली सबंध ओळीची एक रेघ. ज्याला मोडी म्हणजे काळ्या मुंग्या, त्याला अशी रेघ कोणी शिकवली?"

गठ्ठ्यामागे बंडोपंत पांढरे पडले होते.

"एकच मला कळलं नाही," पद्मा म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "बोटभर तर कागद. श्री लिहिलं, चूक लक्षात आली, मग वरची पट्टी कात्रीने उडवायची होती. काही राहिलं नसतं. आम्ही सगळ्या हरलो असतो. कापलं का नाही?"

"देवाच्या नावाले कात्री लावू काय मी?" बंडोपंत ओरडले.

आणि मग त्यांना आपलंच बोलणं ऐकू आलं.

मागून धुरपता एवढंच म्हणाली, "आन आमच्या नावाले लावली, ते?"

दुसरा बंद (सापडला, बंडोपंतांच्या जबानीतून)

मी पेढीवर उमेदवार होतो, सात वर्षं. वासुदेवरावांच्या हाताखाली. मंग कारकुनी धरली, तेव्हापासून मोडी येते म्हनून कोनाले सांगितलं नाई. वकिलाकडे न वाचता येनारा कारकून भरवशाचा वाटते.

शेटनं पिपरी मेघ्यात प्लॉट देतो म्हटलं. तीन पोरं, भाड्याची खोली. मी हो म्हटलं. कोरा कागद शेटच्याच जुन्या वहीतून आला, मागचा एकच ताव. आठ दिवस कपाटात होता करार. दुपारी वकीलसाहेब जेवाले गेले का लिहीत बसो.

ताव घेतला आन हातानं आपोआप श्री लिहिलं. मंग ध्यानात आलं. दुसरा कोरा ताव नव्हता. कात्री हातात घेतली होती, खोटं नाई सांगत. नाई झालं. म्हटलं, सांध्यात झाकून टाकू.

अस्सल बंद शेटनं माह्यासमोर चुलीत टाकला. पन मी चारदा वाचला होता. कामापुरता एकदा पुरे होता. अक्षर असं होतं का पुन्हा पाहाव वाटे. लिहिलं होतं: "वडनेरी बाजार भरे तोवर चरकीचे आवार या तेरा जणींचे व त्यांच्या लेकीसुनांचे. त्यांस कोणी उठवू नये. उठवील त्याने आधी पाच दिवस दार बंद सोसावे, मग बोलावे." शेवटची ओळ त्याईनंच लिहायले लावली असंल. लिहिनाराही हसला असंल. तिथं शाई थोडी सांडली होती.

साहेब, हे लिहून घ्या. आता ते फक्त माह्या डोक्यात हाय.

शेवटचा बंद

शेटचा दावा फेटाळला गेला. बंडोपंतांवर खटला उभा राहिला, हिरालाल शेटवर उभा राहायचं चाललं आहे. मोठ्या माणसाला उभं राहायला वेळ लागतो. नरहर मास्तरांनी ओट्यावरचे तक्ते कपाटात ठेवले. आश्रयदात्याचं नाव असलेलं पहिलं पान मात्र फाडलं, आणि उरलेल्या पुस्तकासाठी आता दारोदार वर्गणी मागत फिरतात. देव न मानणाऱ्याला लोक दोन आणे द्यायलाही कुरकुरतात, तरी फिरतात.

महिनाअखेर अच्युतरावांनी पद्माच्या टेबलावर लिफाफा ठेवला. कोर्टाच्या ताब्यातला दस्तऐवज परवानगीआधी अंगणात नेला, हुकूम असून नक्कल केली नाही, सबब नेमणूक पुढे चालू नाही. "मी सुचवलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पद्माने सगळे बोरू एका रुमालात बांधले, टेबलाच्या खणाला आतून एकदा फडकं मारलं आणि ती निघाली.

पहिल्याच शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, ती वडनेरला गेली. कशाला, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. आवाराच्या तोंडाशी काटेरी तार रस्त्याकडेला वेटोळी होऊन पडली होती. आदल्या दिवशी शेटच्या माणसांनी लावली होती आणि सकाळी बायांनी उपटली होती. जयवंताच्या हाताला चिंधी बांधलेली होती.

"लागलं?"

"तारेले जास्त लागलं."

धुरपताने मिरच्यांच्या ढिगाआडून पद्माला न्याहाळलं. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. तिने शेजारच्या बाईची गाडगी वीतभर सरकवली, तिच्या पलीकडचीची पाटी तेवढीच, आणि मध्ये एक पोतं अंथरलं.

"बसा."

"मी? मावशी, मी कुठे वडनेरची लेक?"

"लेक नाई, सून नाई, तं काय झालं? कोनी विचारलं तं सांगजा, धुरपतानं बसवलं."

"जागेचं काय द्यायचं?"

"काई नाई. पन शुक्रवार चुकवायचा नाई. रिकामी जागा दिसली का शेटचा डोळा पडते."

पद्मा बसली. पोत्याला मिरचीचा खकाणा होता, तिला शिंका आल्या. दोन्हीकडच्या बाया हसल्या. तिने रुमाल सोडला, दौत मांडली, कागद मांडीवर घेतले आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसली. अर्धा तास गेला. लोक येत होते, गाडगी वाजवून बघत होते, पुढे जात होते.

"काय विकून राह्यल्या?" जयवंताने विचारलं.

"कागद लिहून देईन. जुने असतील तर वाचून देईन."

"मंग मुक्यानं काऊन बसल्या? इथं चूप बसनाऱ्याचं कोनी घेत नाई. वरडा!"

नऊ वर्षं पद्मा अशा जागी बसली होती, जिथे पान उलटल्याचाही आवाज होऊ देत नसत. तिने घसा साफ केला. पहिल्यांदा आवाज चिरकला, आणि मिरचीवाल्या गिऱ्हाइकाने दचकून पिशवी छातीशी धरली.

दुसऱ्यांदा ओरडली तेव्हा रस्त्यापलीकडच्या जिनातले हमाल गाठोडी खाली ठेवून पाहू लागले.

"कागद वाचून घ्या! कागद लिहून घ्या!"

"आणखी!" धुरपता म्हणाली.